हाफचा हिशेब

४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्तात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून आशियाई खेळांतलं फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं. १९५१ नंतरचं ते दुसरं सुवर्ण, आणि आजवरचं शेवटचं. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलसिंगचा. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम कर्करोगाने आतून पोखरले गेले होते, पुढच्या जूनमध्ये ते गेले. ‘मैदान’ चित्रपटामुळे हे सगळं आता अनेक घरांत माहीत झालेलं आहे.

आता अर्जुन पुरस्कारांची यादी काढून बघा. १९६१ साली पुरस्कार सुरू झाला. फुटबॉलसाठीची पहिली सात वर्षांची नावं अशी: पी. के. बॅनर्जी, तुळशीदास बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेलसिंग, अरुण घोष, युसुफ खान, पीटर थंगराज. सातही जण त्या जकार्ताच्या संघातले. आघाडीचे आहेत, बचावातले आहेत, गोलरक्षकही आहे. नाहीत ते मधले दोघे, म्हणजे प्रशांत सिन्हा आणि फोर्तुनातो फ्रँको. बॅक म्हणून खेळलेल्यांपैकीही काही जण राहिले हे खरं. पण हाफ, म्हणजे मधल्या फळीतले, मात्र दोघेच्या दोघे राहिले, आणि पुढेही त्यांचा नंबर लागला नाही.

फ्रँको आपल्याकडचा. जन्म १९३७ सालचा, गोव्यातल्या कोलवाळचा. लहानपणीच मुंबईत आला आणि इथल्या मैदानांवर खेळाडू झाला. टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला, १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात निवडला गेला पण तिथे त्याला एकही सामना मिळाला नाही. महाराष्ट्राने १९६३-६४ चा संतोष करंडक जिंकला त्या संघातही तो होता. पुढे गुडघा गेला आणि कारकीर्द वेळेआधीच आटोपली. १० मे २०२१ रोजी, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, तो गोव्यात वारला. बातम्या आल्या, त्यातल्या बहुतेकांना आधी तो कोण हे सांगावं लागलं.

मधल्या फळीत खेळणाऱ्याच्या वाट्याला हे का येतं आणि त्याचा त्याच्या पोटापाण्याशी काय संबंध आहे, हा या लेखाचा विषय. कारण आपल्या भागात मिडफिल्डरची कारकीर्द पायांवर जेवढी ठरली, तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच, ती त्याला पगार कोण देतंय यावर ठरत आली आहे.

आधी काम समजून घेऊ. फॉरवर्डचं काम आजीलाही कळतं: गोल करायचा. गोलरक्षकाचंही कळतं. मिडफिल्डरचं काम टीव्हीवर सामना बघताना अर्धं दिसतच नाही, कारण कॅमेरा चेंडूबरोबर फिरतो आणि हा माणूस चेंडू नसताना जास्त काम करत असतो. नव्वद मिनिटांत तो साधारण दहा ते बारा किलोमीटर धावतो. चेंडू त्याच्या पायाशी असतो तो जेमतेम एक-दोन मिनिटं. उरलेल्या वेळात तो जागा बदलत असतो: आपल्या बचावपटूला पास द्यायला कोण मोकळा आहे, समोरच्याच्या पासची वाट कुठे अडवायची, आपला विंगर पुढे गेला तर मागची रिकामी जागा कोणी भरायची.

रहीमसाहेबांच्या काळात मध्ये दोनच माणसं असत. ४-२-४ ची मांडणी, म्हणजे चार मागे, चार पुढे आणि या दोन टोकांना जोडणारे दोघे. चौघे पुढे गेले की मागची सगळी मोकळी जमीन या दोघांच्या नावावर. हल्ली मध्ये तीन, कधी चार, कधी पाच जण असतात आणि त्यांच्यात कामाची वाटणी झाली आहे. बचावपटूंच्या पुढ्यात उभा राहून हल्ले तोडणारा आणि खेळाची सुरुवात करून देणारा तो ‘सहा नंबर’. या गोलपासून त्या गोलपर्यंत पळत राहणारा ‘आठ नंबर’. आणि शेवटचा पास देणारा ‘दहा नंबर’, ज्याचं टी-शर्ट सगळ्या मुलांना हवं असतं. मुंबई सिटी एफसीने २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगची (आयएसएल) लीग शील्ड आणि करंडक ही दुहेरी कमाई केली. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला केलेला गोल आठवतो. पण त्या मोसमात संघाचा श्वास चालू ठेवला तो मोरोक्कोच्या अहमद जाहूने, मागे उभं राहून, चालत-चालत खेळल्यासारखा दिसणाऱ्या त्या सहा नंबरने. त्याच संघाच्या मधल्या फळीत गोव्याचा रॉलिन बोर्जेस आणि मुंबईचा रेनिअर फर्नांडिस होते.

या कामाचं मूळ कौशल्य पायात नसून मानेत आहे. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ गाईर यॉर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या शंभराहून अधिक खेळाडूंचं जवळून चित्रीकरण तपासलं. चेंडू येण्यापूर्वीच्या काही सेकंदांत कोण किती वेळा मान वळवून मागे-बाजूला बघतो, एवढंच मोजलं. जे जास्त बघत, त्यांचे पुढच्या दिशेचे पास जास्त यशस्वी होत. स्पेनचा झावी यात सगळ्यांच्या पुढे असे. कारण साधं आहे. चेंडू पायाशी आल्यावर बघायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. आधी बघितलेला खेळाडू अर्धवट वळून चेंडू घेतो आणि पहिल्याच स्पर्शात पुढे जातो. न बघितलेला चेंडू थांबवतो, वळतो, मान वर करतो, तोवर समोरचा अंगावर आलेला असतो. मग मागे पास. प्रेक्षक म्हणतात, ‘अरे, पुढे खेळ ना!’

ही मान वळवायची सवय लागते ती मोठ्या मैदानावर, लहान वयात. इथे मला पेणकरपाड्याबद्दल बोलायचं आहे.

दहिसरचा चेकनाका ओलांडला की महामार्गाच्या अंगाने मीरा रोडची जी वस्ती सुरू होते, त्यातला हा पाडा. चेकनाक्याच्या अलीकडे मुंबई, पलीकडे ठाणे जिल्हा. मीरा-भाईंदरची १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. एवढ्या वेगाने वाढलेल्या शहरात पहिला बळी जातो तो मोकळ्या जागेचा. भाईंदर पश्चिमेला सुभाषचंद्र बोस मैदान आहे, पण पाड्यापासून ते दूर, आणि एका मैदानावर क्रिकेट, सभा, मेळे, सगळ्यांचाच डोळा असतो. मग मुलं खेळतात कुठे? जाळी लावलेल्या, तासाच्या भाड्याच्या कृत्रिम हिरवळीवर, ज्याला सगळे नुसतं ‘टर्फ’ म्हणतात. रात्री दहा वाजता लाइटखाली, पाच-पाच जणांचा सामना, भाडं वाटून घेतलेलं.

टर्फला नावं ठेवायचं कारण नाही. छोट्या जागेत चेंडूवर ताबा येतो, पाय चपळ होतात. ब्राझीलमध्ये तर लहानपणी फुटसाल खेळून मोठे झालेल्यांची रांग लागेल. पण हिशेब करून बघा. फुटसालचं मैदान साधारण ४० मीटर बाय २० मीटर. अकरा जणांच्या सामन्याचं मैदान १०५ बाय ६८. म्हणजे एकात दुसरी जवळपास नऊ बसतील, आणि आपल्याकडची बरीच टर्फं फुटसालपेक्षाही लहान असतात. पाच जणांच्या खेळात मधली फळी अशी नसतेच. ऑफसाइड नसते. तीस मीटरचा तिरका पास द्यायची वेळच येत नाही. मागे कोण आहे हे बघायला मान वळवावी लागत नाही, कारण मागे तीन पावलांवर जाळीच असते. टर्फवरचा राजा मुलगा पहिल्यांदा मोठ्या मैदानावर उतरतो तेव्हा वीस मिनिटांत दमतो. दम कमी असतो असं नाही, पळायचं कुठे आणि थांबायचं कुठे हे कळत नसतं. असा मुलगा चांगला विंगर होऊ शकतो, फॉरवर्डही होऊ शकतो. मिडफिल्डर व्हायला त्याला पूर्ण मैदान लागतं, आणि आठवड्यातून एकदा नव्हे.

म्हणून पेणकरपाड्यातला एखादा पोरगा गंभीरपणे खेळू लागला की त्याची वाट दक्षिणेकडे वळते. शाळेकडून सुब्रतो कपसाठी तो ठाणे जिल्ह्यात खेळेल, पण चांगले क्लब, चांगल्या स्पर्धा आणि बघणारे डोळे चेकनाक्याच्या अलीकडे. वांद्र्याचं नेव्हिल डिसोझा मैदान, अंधेरीचा मुंबई फुटबॉल अरेना, चर्चगेटला उतरून चालत जायचं ते कूपरेज. (नेव्हिल डिसोझा म्हणजे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा मुंबईचा फॉरवर्ड. मैदानाला नाव फॉरवर्डचंच मिळालं, हेही जाता जाता नोंदवतो.) मीरा रोड स्टेशनवरून सकाळच्या गर्दीत किटबॅग घेऊन चढणं हाच अर्धा सराव होतो. बरीच मुलं बारावीच्या आसपास गळतात ती इथेच, आणि तेव्हा खेळ कमी पडलेला नसतो.

गळली नाहीत तर पुढे काय? याचं उत्तर तीन पिढ्यांत तीन प्रकारचं होतं.

फ्रँकोच्या पिढीला उत्तर होतं: नोकरी. मुंबईचा फुटबॉल त्या काळी कंपन्यांच्या, रेल्वेच्या, बँकांच्या, गिरण्यांच्या संघांवर उभा होता. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, सेंट्रल रेल्वे, वेस्टर्न रेल्वे, पुढे एअर इंडिया, आरसीएफ. चांगला खेळाडू दिसला की कंपनी त्याला हजेरीपटावर घ्यायची. सकाळी सराव, मग अर्धा दिवस टेबलावर, आणि खेळ संपल्यावरही निवृत्तीपर्यंत पगार. मिडफिल्डरसाठी ही व्यवस्था सगळ्यात न्याय्य होती असं माझं मत आहे. तिथे गोलांवर पगार ठरत नव्हता. गुडघा मोडला तरी चूल विझत नव्हती. दोष एवढाच, की पैसा बेताचा होता आणि खेळाडू अर्धवेळ राहिला. जग पूर्णवेळ व्यावसायिक झालं तेव्हा आपण मागे पडलो.

दुसऱ्या पिढीची सुरुवात १९९६ च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगपासून होते. आता कंपनीचा संघ नोकरी देणारा न राहता करार देणारा झाला. मुंबईत महिंद्रा युनायटेड, गोव्यात डेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स. स्टीव्हन डायस या मुंबईकराचं उदाहरण घ्या. १९८३ चा जन्म, एअर इंडियातून महिंद्रात आला, उजव्या बाजूने धावत जाऊन क्रॉस टाकणं ही त्याची ओळख. महिंद्राने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, मुंबईचा लीग जिंकणारा तो पहिला संघ. डायस देशाकडून नेहरू करंडक खेळला, २०११ च्या दोहातल्या आशियाई करंडकाच्या संघातही होता. पण २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. चार वर्षांपूर्वीचा विजेता संघ एका निर्णयात संपला, आणि ऐन भरातला खेळाडू गोव्याच्या वाटेला लागला.

गोव्यात त्याच काळात क्लायमॅक्स लॉरेन्स नावाचा हाफ डेंपोचा कणा होता. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली डेंपोने २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, आणि क्लायमॅक्स त्या सगळ्या वाटचालीत होता. त्याच्याबद्दलची एक गोष्ट मला फ्रँकोच्या गोष्टीइतकीच बोलकी वाटते. २००८ चा एएफसी चॅलेंज करंडक भारताने जिंकला आणि त्यामुळे तब्बल २७ वर्षांनी आपण आशियाई करंडकात पोचलो. अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध सुनील छेत्रीची हॅट्ट्रिक झाली. ती सगळ्यांना पाठ आहे. पण स्पर्धेतला पहिलाच सामना, हैदराबादला अफगाणिस्तानविरुद्ध, शून्य-शून्य बरोबरीत सुटायच्या बेतात होता. भरपाईच्या वेळेत क्लायमॅक्सने गोल केला. तो गोल नसता तर गटाचं गणित पहिल्याच दिवशी अवघड होऊन बसलं असतं. हाफने क्वचित केलेला गोलही विसरला जातो तो असा.

डेंपोचं काय झालं? २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या गोव्याच्या तीन क्लबांनी आय-लीगमधून, म्हणजे राष्ट्रीय लीगच्याच पुढच्या अवतारातून, अंग काढून घेतलं. लीगच्या फेररचनेत आपल्याला दुय्यम स्थान दिलं जातंय, ही त्यांची तक्रार होती. तक्रारीत तथ्य होतं. पण फटका बसला तो गोव्यातल्या खेळाडूला, ज्याच्यासाठी घराजवळचे तीन मालक एकाच वर्षी कमी झाले.

तिसऱ्या पिढीचा माणूस म्हणून मी जयेश राणेला घेतो. फेब्रुवारी १९९३ चा जन्म, मुंबईचा, मराठी, आणि मिडफिल्डर. त्याच्या क्लबांची यादी म्हणजे गेल्या दशकातल्या भारतीय फुटबॉलच्या उलथापालथीचा नकाशा आहे. सुरुवातीला मुंबई एफसी (मुंबई सिटीहून हा वेगळा क्लब). २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा ती जेमतेम अडीच-तीन महिन्यांची होती, शरद ऋतूत खेळली जायची, आणि आय-लीग त्यानंतर. त्यामुळे एकाच वर्षात खेळाडू दोन क्लबांचा असायचा. राणे मुंबई एफसीचाही होता आणि चेन्नईयिन एफसीचाही. चेन्नईयिनमध्ये त्याचे प्रशिक्षक होते मार्को मातेराझी, ज्यांच्या छातीवर २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदानने डोकं मारलं होतं तेच. डिसेंबर २०१५ मध्ये फातोर्ड्याला एफसी गोवाला ३-२ असं हरवून चेन्नईयिन विजेते झाले.

मग आलं २०१६-१७, आणि ही भारतीय क्लब फुटबॉलमधली सगळ्यात अचाट गोष्ट. मुंबई एफसीला सात मोसम सांभाळणारे प्रशिक्षक खालिद जमील तिथून बाहेर पडले आणि मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले. ऐझॉल आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे त्याला परत घेतलं गेलं, एवढंच त्याचं भाग्य. जमीलांबरोबर मुंबईत त्यांच्या हाताखाली खेळलेले काही जण गेले, त्यात राणे होता. कोलकात्याच्या आणि बेंगळुरूच्या श्रीमंत क्लबांना मागे टाकून, ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये बरोबरी साधून, ऐझॉलने आय-लीग जिंकली. ईशान्येकडचा पहिला राष्ट्रीय विजेता. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहिला, खालच्या श्रेणीत गेला आणि नंतर बंदच पडला. मुंबईचा प्रशिक्षक, मुंबईचे खेळाडू विजेते, आणि मुंबईचा क्लब नाहीसा. एकाच तक्त्याच्या दोन टोकांना एकाच शहराचं कर्तृत्व आणि दुर्लक्ष असं समोरासमोर लिहिलेलं क्वचितच सापडेल.

पुढच्या मोसमापासून दोन्ही लीग एकाच वेळी सुरू झाल्या, त्यामुळे खेळाडूला एकच क्लब निवडावा लागला. जुलै २०१७ मध्ये मुंबईत झालेल्या खेळाडू-निवडीत राणे कोलकात्याच्या एटीकेकडे गेला. तिथे २०१९-२० चं विजेतेपद, मग एटीके मोहन बागान, २०२१ मध्ये बेंगळुरू एफसी, आणि अखेरीस मुंबई सिटी. २०१७ च्या त्याच निवडीत सगळ्यात जास्त किंमत, १ कोटी १० लाख रुपये, दोघांना मिळाली होती: एक बचावपटू अनस एडाथोडिका, दुसरा शिलाँगचा मिडफिल्डर युजेनसन लिंगडोह. लिंगडोहला त्या मोसमाच्या सुरुवातीलाच दुखापत झाली आणि जवळपास पूर्ण मोसम बाहेर बसावं लागलं. मिडफिल्डरच्या गुडघ्यावर ताण जास्त येतो तो वळण्यामुळे. सरळ धावताना नव्हे, तर पाय जमिनीत रोवून शरीर फिरवताना गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटतो. शस्त्रक्रिया आणि सहा ते नऊ महिन्यांचा व्यायाम, हा आज त्यावरचा उपाय आहे. फ्रँकोच्या काळी तो नव्हता.

राणेच्या कारकिर्दीत विजेतेपदं भरपूर आहेत, आणि तरीही मीरा रोडच्या टर्फवर खेळणाऱ्या दहा मुलांना विचारा, किती जणांना तो माहीत आहे. मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे पाठ असतात. छेत्री माहीत असतो. आपल्याच लोकलने प्रवास केलेला, आपल्याच भाषेत बोलणारा, वेगवेगळ्या शहरांत राष्ट्रीय विजेता ठरलेला खेळाडू कुणाच्या पोस्टरवर नाही. यात मुलांची चूक नाही. मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांनी फुटबॉलला युरोपात पाठवून दिलं आहे.

खेळ संपल्यावर काय, हा प्रश्न साधारण तेहतिशी-चौतिशीत दारात येतो. इथे मात्र मिडफिल्डरचं अदृश्य काम उपयोगी पडतं. सबंध मैदान वाचायची सवय असल्याने चांगले प्रशिक्षक बऱ्याचदा याच फळीतून येतात. खालिद जमील हे त्याचं ठळक उदाहरण. १९७७ साली कुवेतमध्ये जन्म, मुंबईत एअर इंडिया आणि महिंद्राकडून मधल्या फळीत खेळले, दुखापतींनी बेजार झाले, मुंबई एफसीत शेवटचे मोसम काढले आणि २००९ मध्ये त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची भारताच्या मुख्य संघावर नेमणूक झाली. त्यांच्या आधी हे पद पूर्णवेळ सांभाळणारे शेवटचे भारतीय होते साविओ मेदेरा, २०११-१२ मध्ये. तेही गोव्याचे, तेही मिडफिल्डर. डेंपोच्या मधल्या फळीतल्या क्लिफर्ड मिरांडाने २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर करंडक जिंकून दिला. स्टीव्हन डायसही प्रशिक्षणात उतरला. पण ही वाट सुद्धा फुकट नाही. प्रशिक्षकाच्या परवान्यांच्या पायऱ्या असतात, डी, सी, बी, ए आणि मग प्रो. एकेका पायरीला वेळ आणि पैसा लागतो. खेळत असतानाच खालच्या दोन-तीन पायऱ्या चढून ठेवणारे शहाणे.

आणि जे प्रशिक्षक होत नाहीत? २०२५ चा पावसाळा आठवा. भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांचा २०१० सालचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता, नवा होत नव्हता, म्हणून जुलैमध्ये मोसमच स्थगित केला गेला. काही क्लबांनी खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. देशातली सर्वोच्च लीग, आणि खेळाडूला पुढच्या महिन्याचं माहीत नव्हतं. कंपनीच्या हजेरीपटावरून आपण इथवर आलो.

म्हणून मीरा-भाईंदरच्या ज्या घरात मुलगा किंवा मुलगी मधल्या फळीत खेळते आहे, त्या घराने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात असं मला वाटतं. क्लबमध्ये नाव घातलं की भारतीय महासंघाच्या नोंदणी प्रणालीत त्याची नोंद झाली का, हे स्वतः बघा आणि वर्षागणिक जपून ठेवा. ही नोंद पुढे पैशात मोजली जाते. फिफाच्या नियमांनुसार खेळाडू करारावर असताना एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर रकमेचे पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे असतात. गल्लीतल्या छोट्या क्लबलाही त्यात वाटा असतो, मात्र कागद हवा. अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांहून जास्त मुदतीचा करार करता येत नाही, मोठ्यांशी सर्वसाधारणपणे पाच वर्षांहून जास्त नाही. त्याहून लांबलचक काही समोर ठेवलं तर सही करू नका. दोन महिन्यांचा पगार थकला तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडूला करारातून मोकळं होता येतं, हे कित्येक खेळाडूंना ठाऊक नसतं. दाद मागायला खेळाडूंची संघटनाही आहे, २००६ मध्ये स्थापन झालेली फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया. कराराची सही केलेली प्रत क्लबकडून त्याच दिवशी मागून घ्या. आणि शिक्षण सोडू नका. एकविसाव्या वर्षी गुडघा गेलेल्या मुलाच्या हातात पदवी असली तर तो फिजिओथेरपिस्ट, विश्लेषक, पंच, प्रशिक्षक काहीही होऊ शकतो. नसली तर तो सकाळच्या पाळीचा रायडर होतो.

महापालिकेकडेही एकच मागणं आहे. चेकनाक्यापासून काशीमिऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात जी काही आरक्षित मोकळी जागा अजून शिल्लक असेल, तिचे तुकडे पाडून टर्फ भाड्याने देण्याऐवजी १०५ बाय ६८ मीटरचं एक मैदान आखा, त्यावर सभा-मंडपांना बंदी घाला आणि सकाळ-संध्याकाळ ते मुलांना विनामूल्य खुलं ठेवा.